सहा आकडे पुरतात का?

आपण सॉफ्टवेअरवाले 'स्टेट' हा शब्द दिवसातून किती वेळा वापरतो याची मोजदाद ठेवली तर हसू येईल. सेशनची स्टेट, ऑर्डरची स्टेट, बटणाची स्टेट. "हे स्टेटलेस करा म्हणजे स्केल होईल" असं कुणीतरी म्हटल्याशिवाय मीटिंग संपतच नाही. पण स्टेट म्हणजे नक्की काय, असं विचारलं की गडबड होते. मराठीत 'अवस्था' म्हणावं तर आजारपण आठवतं, 'परिस्थिती' म्हणावं तर पैसे. :)

मला आवडलेली व्याख्या अशी: स्टेट म्हणजे अशी यादी, जी हातात असली की आधी काय काय घडलं ते खुशाल विसरावं. पुढचं सगळं त्या यादीवरून ठरतं.

उदाहरण म्हणून बुद्धिबळ घ्या. डाव अर्धवट सोडून जेवायला जायचंय, म्हणून पटाचा फोटो काढला. परत येऊन फोटो बघून सोंगट्या मांडल्या. डाव जसाच्या तसा पुढे सुरू होईल? नाही. खेळी कोणाची हे फोटोत नाही. राजा एकदा हलून परत जागेवर आलाय का, म्हणजे कॅसलिंग करता येईल की नाही, हेही फोटोत नाही. सोंगट्या सगळ्या दिसतायत, तरी यादी अपुरी आहे. आणि यादी अपुरी आहे हे फोटो बघून कळत नाही, मेख तिथेच आहे. ते कळतं थेट कॅसलिंगवरून भांडण झाल्यावर.

तर मंडळी, आज या यादीचा इतिहास सांगायचाय. विज्ञानात आणि इंजिनिअरिंगमध्ये तिला भारदस्त नाव आहे, स्टेट व्हेक्टर. गोष्ट दोनशे-तीनशे वर्षांची आहे आणि शेवटी चंद्रावर जाते, तेव्हा चहा घेऊन बसा.

सुरुवात अर्थातच न्यूटनपासून. १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया' छापून आलं. शाळेत आपण दुसरा नियम घोकला, बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. त्यातली गंमत मला फार उशिरा कळली. बलावरून त्वरण कळतं, म्हणजे वेग कसा बदलेल ते कळतं. पण आत्ता वेग किती आहे ते हा नियम सांगत नाही. ते आपण सांगायचं. क्रिकेटचा फोटो आठवा, चेंडू स्टंपच्या वीतभर वर, हवेत. तो वर चाललाय की खाली? फोटोवरून कळणार नाही. चेंडू कुठे आहे यासाठी तीन आकडे (पुढेमागे, डावीउजवीकडे, वरखाली) आणि कुठे चाललाय यासाठी आणखी तीन. एकूण सहा. हे सहा आकडे आणि लागू असलेली बलं माहीत असली, की चेंडू कुणी टाकला, कुठून टाकला, टप्पा कुठे पडला, हे सगळं विसरा. पुढचा मार्ग ठरला.

(काटेकोर बोलायचं तर सातवा आकडाही लागतो. हे सहा आकडे किती वाजताचे आहेत तो. टाइमस्टॅम्प नसलेली नोंद काय कामाची!)

या सहा आकड्यांची पहिली मोठी परीक्षा १८०१ मध्ये झाली. १ जानेवारीच्या रात्री सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत जुझेप्पे पियाझ्झी यांना एक अनोळखी ठिपका दिसला. हाच सेरेस. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी त्याचे २४ वेध घेतले, मग आजारपण आलं, आणि तेवढ्यात ठिपका सूर्याच्या झगमगाटात शिरून दिसेनासा झाला. काही महिन्यांनी तो पलीकडून बाहेर येणार हे नक्की, पण आकाशात शोधायचं कुठे? इतक्या थोड्या दिवसांच्या वेधांवरून सगळी कक्षा काढायची कशी?

हे काम २४ वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाउसनं केलं. दुर्बिणीतून अंतर कळत नाही, फक्त दिशा कळते, म्हणजे प्रत्येक वेधातून दोन कोन. अज्ञात आकडे सहा. मग तीन वेध घेतले की तीन दुणे सहा! हिशोब सांगायला इतका सोपा आहे, करायला मात्र गाउस लागला. वर्षाच्या अखेरीस फॉन झाख आणि ओल्बर्स या दोघांना सेरेस पुन्हा सापडला, गाउसनं सांगितलेल्या जागेच्या जवळच.

यात एक नवी गोष्ट घडली होती. न्यूटन म्हणतो, सहा आकडे द्या, पुढचं सांगतो. गाउसच्या हातात सहा आकडे नव्हतेच. कुणाच्याच नसतात! हातात असतात ती मोजमापं, तीही थोडीफार चुकलेली. त्यातून आतले आकडे ओळखून काढायचे. हे आपल्याकडे घरोघरी रोज चालतं. कुकरमध्ये डाळ शिजली की नाही ही आतली अवस्था, ती झाकणातून दिसत नाही. बाहेर ऐकू येतात त्या शिट्ट्या. तीन शिट्ट्यांवरून डाळीचा अंदाज बांधणारी आई आणि तीन वेधांवरून सेरेसचा अंदाज बांधणारा गाउस, काम एकाच जातीचं.

आता नावातल्या दुसऱ्या शब्दाकडे, व्हेक्टर. मराठी शाळेत 'सदिश', म्हणजे जिला परिमाण आणि दिशा दोन्ही आहेत अशी राशी. हा शब्द गणितात रुळवला तो डब्लिनच्या विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी. त्यांना १६ ऑक्टोबर १८४३ रोजी कालव्याच्या काठानं चालताना क्वाटर्नियन सुचले आणि त्यांनी ते सूत्र पुलाच्या दगडावर कोरलं, ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. पण आपल्या गोष्टीला जास्त जवळचा माणूस वेगळाच आहे.

हेरमान ग्रासमान. श्टेटिन गावातला शाळामास्तर. १८४४ मध्ये त्यानं एक पुस्तक लिहिलं, त्यात दिशा तीनच का, कितीही असू द्या, असा विचार होता. चार, सहा, पन्नास. डोळ्यांपुढे चित्र आलं नाही म्हणून काय झालं, बेरीज-गुणाकार तर करता येतो! पुस्तक कुणी वाचलं नाही, न खपलेल्या प्रती प्रकाशकानं रद्दीत घातल्या. मास्तर मग संस्कृतकडे वळला आणि त्यानं ऋग्वेदाचा जर्मन शब्दकोश केला (१८७३ ते १८७५), पाठोपाठ ऋग्वेदाचा अनुवादही. भाषेच्या अभ्यासकांनी त्याला डोक्यावर घेतलं. गणितवाल्यांना त्याची किंमत कळायला आणखी काही वर्षं जावी लागली. १८८८ मध्ये पेआनोनं ग्रासमानच्याच कल्पना धरून व्हेक्टर स्पेसची आधुनिक म्हणावी अशी व्याख्या दिली.

ग्रासमानचा विचार मान्य केला की सहा आकड्यांची यादी ही नुसती यादी उरत नाही. ती सहा दिशा असलेल्या अवकाशातला एक बिंदू होते. यान उडतं तेव्हा तो बिंदू तिथे एक रेघ काढत जातो. दोन यादींतलं अंतर मोजता येतं, 'चूक किती' हे विचारता येतं, चूक कोणत्या दिशेला आहे हेही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत प्वांकारे आणि गिब्ज यांनी हे हत्यार ग्रहांपासून वायूंपर्यंत सगळीकडे चालवलं.

आणि वायूंमध्ये एक चमत्कारिक गोष्ट दिसली. साध्या डब्यातल्या एक मोल वायूत सुमारे ६ × १०²³ रेणू. प्रत्येकाचे सहा आकडे धरले तर यादी लिहायला कागद कुठून आणणार? पण त्याच डब्यासाठी इंजिनिअर फक्त दाब, तापमान आणि वायू किती आहे एवढंच लिहितो आणि त्याचं काम छान चालतं. डबा एकच, याद्या दोन. म्हणजे यादी निसर्गानं छापून दिलेली नाही. ती आपण निवडतो, आपल्याला पुढे काय विचारायचंय त्यावरून. निवड आपली, तेव्हा तिचे परिणामही आपलेच.

आता थेट १९५८. रुडॉल्फ काल्मान, जन्म बुडापेस्टचा, १९४३ मध्ये अमेरिकेत आलेला, तेव्हा बाल्टिमोरच्या एका संशोधनसंस्थेत कामाला. त्या काळी गोंगाटातून खरा सिग्नल वेगळा काढायचा तर नॉर्बर्ट वीनर यांची पद्धत होती, दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांच्या प्रश्नातून आलेली. पद्धत देखणी, पण तिला सिग्नलचा आजवरचा सगळा भूतकाळ लागायचा. नोव्हेंबरमध्ये एका रात्री प्रिन्स्टनहून परतताना काल्मानची गाडी बाल्टिमोरच्या अलीकडे तासभर खोळंबली आणि तिथे त्याला सुचलं की वीनरच्या प्रश्नात स्टेट घालून बघितली तर? अशी गोष्ट सांगतात. (आपल्याकडेही लोकल खोळंबतात. पण आपण मोबाइल काढतो.)

१९६० मध्ये त्याचा निबंध मेकॅनिकल इंजिनिअरांच्या एका जर्नलमध्ये छापून आला. गाभा असा: मागची सगळी मोजमापं साठवू नका. दोनच गोष्टी जवळ ठेवा. एक, स्टेटचा आत्ताचा अंदाज. दोन, त्या अंदाजावर किती भरवसा आहे त्याचं टेबल. नवीन मोजमाप आलं की आधी जुन्या अंदाजावरून भाकीत करा. भाकीत आणि मोजमाप जुळत नसतील तर भांडण मिटवा. ज्यावर भरवसा जास्त, त्याच्याकडे जास्त झुका. नवा अंदाज लिहा, नवा भरवसा लिहा, आणि मोजमाप फेकून द्या. हो, फेकून द्या! त्याचा अर्क यादीत उतरलाय.

हा माझ्या मते खरा बदल. न्यूटनची यादी 'यान इथे आहे' असं म्हणायची. काल्मानची यादी म्हणते, 'मला वाटतं यान इथे आहे, आणि मला एवढी शंका आहे.' शंका हा यादीचाच भाग झाला.

हा निबंध कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रात स्टॅन्ली श्मिट यांच्या हाती लागला नसता तर कदाचित कपाटातच राहिला असता. श्मिट यांच्या गटाला चंद्राला वळसा घालून येणाऱ्या यानाचं दिशादर्शन सोडवायचं होतं. यानात फिरणारा कॉम्प्युटर म्हणजे टीचभर, त्यात जुन्या मोजमापांची बाडं ठेवायला जागा नाही. १९६० च्या शरदात काल्मान तिथे भेटीला गेला आणि श्मिट यांना हवं ते सापडलं. एक अडचण होती. काल्मानचं गणित सरळ रेषेतल्या नात्यांसाठी, आणि गुरुत्वाकर्षण काही सरळ नाही. श्मिट यांनी जुगाड केला: दर पावलाला आत्ताच्या अंदाजाभोवती समीकरणं तेवढ्यापुरती सरळ करून घ्यायची. आज त्याला एक्स्टेंडेड काल्मान फिल्टर म्हणतात. महामार्गाच्या बोगद्यात उपग्रहांचा सिग्नल गेला तरी मॅपवरचा निळा ठिपका कधी कधी पुढे सरकत राहतो ना, त्यामागे या घराण्यातलंच गणित असतं. शेवटचा वेग माहीत आहे, तेव्हा भाकीत करत राहा, आणि शंका वाढवत न्या.

एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीकडे अपोलोच्या दिशादर्शनाचं काम १९६१ मध्ये आलं. तिथे रिचर्ड बॅटिन आणि मंडळींनी हे सगळं अपोलो गायडन्स कॉम्प्युटरमध्ये बसवलं. बदलता येणारी मेमरी २,०४८ शब्द, म्हणजे आजच्या हिशोबानं साधारण ४ किलोबाइट. कमांड मॉड्यूलच्या कॉम्प्युटरमध्ये दोन स्टेट व्हेक्टर असत, एक स्वतःचा, एक चंद्रावर उतरणाऱ्या लूनर मॉड्यूलचा. मुख्य हिशोब मात्र ह्यूस्टनला मोठ्या आयबीएम मशीनवर चाले. पृथ्वीवरचे रेडिओ अँटेना यानाचा माग ठेवत, आकडे ताजे होत, आणि रेडिओवरून थेट यानाच्या मेमरीत लिहिले जात. त्यासाठी यानात एक खटका होता, त्याच्या एका बाजूला 'ब्लॉक', दुसऱ्या बाजूला 'ॲक्सेप्ट'. अंतराळवीरानं तो ॲक्सेप्टवर टाकल्याशिवाय ह्यूस्टनला तिथे काही लिहिता येत नसे. राइट परमिशन म्हणजे काय हे नव्या पोरांना समजवायला मी हेच उदाहरण देतो.

आता मूळ प्रश्न. सहा आकडे पुरतात का?

पहिला धडा अपोलो ८ चा, डिसेंबर १९६८. चंद्राला प्रदक्षिणा घालून यान परत येत होतं. जिम लव्हेलला १ क्रमांकाच्या ताऱ्याचा वेध घ्यायचा होता, चुकून प्रोग्रॅम ०१ चालू झाला. तो प्रोग्रॅम उड्डाणापूर्वीच्या तयारीचा! कॉम्प्युटरची समजूत झाली की आपण अजून फ्लोरिडात लाँच पॅडवर उभे आहोत. यान कोणत्या दिशेला तोंड करून आहे हेच तो विसरला. बघा, दिशा त्या सहा आकड्यांत नाही. ती वेगळी जपावी लागते. लव्हेलनं रायजेल आणि व्याध शोधून सगळं पुन्हा जुळवलं. या गोष्टीला एक शेपूट आहे. मार्गारेट हॅमिल्टन यांच्या लहान मुलीनं सिम्युलेटरशी खेळताना हीच कळ आधी दाबली होती. हॅमिल्टन यांनी असं होऊ नये म्हणून कोड घालू द्या अशी मागणी केली. अंतराळवीर अशी चूक करणार नाहीत, असं उत्तर मिळालं होतं.

दुसरा धडा जास्त महाग पडू शकला असता. २० जुलै १९६९, अपोलो ११. ईगल उतरायला लागलं तेव्हा ह्यूस्टनमध्ये २६ वर्षांचा स्टीव्ह बेल्स दिशादर्शनाच्या कन्सोलवर होता. रडारचा माग सांगत होता की यानाच्या स्वतःच्या समजुतीत आणि खऱ्या वेगात सेकंदाला साधारण २० फुटांचा फरक आहे. मर्यादा ३५ फुटांची, ती ओलांडली की उतरणं रद्द. म्हणजे सुरुवातीलाच निम्म्याहून जास्त मोकळीक खर्च झालेली. वर आर्मस्ट्राँगला खिडकीतून दिसत होतं की खुणेची विवरं दोन-तीन सेकंद आधीच येतायत. दोन-तीन सेकंद म्हणजे काय मोठं? कक्षेतला वेग सेकंदाला सुमारे १.६ किलोमीटर, तेव्हा तीन सेकंद म्हणजे पाचेक किलोमीटर.

फरक आला कुठून? कोणतीही मोठी चूक नव्हती. दोन यानं वेगळी झाली तेव्हा मधल्या बोगद्यात थोडी हवा उरली होती, तिनं हलकासा धक्का दिला. दिशा सांभाळणाऱ्या छोट्या थ्रस्टरांनी आणखी थोडा दिला. शिवाय चंद्राचं गुरुत्वाकर्षण एकसारखं नाही. काही मोठ्या सपाट 'समुद्रां'खाली वस्तुमानाचे दाट गठ्ठे आहेत. ते १९६८ मध्येच पॉल मुलर आणि विल्यम श्योग्रेन यांनी लूनर ऑर्बिटर यानांच्या मागावरून शोधले होते, पण त्यांचा नीट नकाशा अजून हाती नव्हता. म्हणजे सहा आकडे ठीक होते, यादीबाहेरचं जग त्यांना ढकलत होतं. आणि यादीत नसलेली गोष्ट कॉम्प्युटरच्या लेखी अस्तित्वातच नसते. तो बिचारा पूर्ण आत्मविश्वासानं चुकत होता.

त्यात एक बारकावा आहे. ईगलवर उतरण्यासाठीचं रडार होतं, ते उत्तम चाललं. पण ते सांगतं उंची आणि जमिनीच्या तुलनेत वेग. खाली जमीन आहे हे ते सांगेल, पण कोणती जमीन हे नाही. मोजमाप कितीही अचूक असलं तरी जे त्यात उमटतच नाही ते कसं कळणार? काल्माननंच या प्रश्नाला नाव दिलं होतं, ऑब्झर्व्हेबिलिटी. कुकरच्या शिट्ट्या मोजून डाळीत मीठ घातलंय का हे कळत नाही, तसं.

त्याच वेळी ते प्रसिद्ध १२०२ आणि १२०१ अलार्म वाजत होते, काही मिनिटांत पाच वेळा. कॉम्प्युटरवर कामाचा भार जास्त झाला होता. पण दर वेळी त्यानं बिनमहत्त्वाची कामं टाकून दिली, स्वतःला रीस्टार्ट केलं आणि जपून ठेवलेल्या आकड्यांवरून पुढे सुरू झाला. भूतकाळ विसरला, यादी नाही विसरला! चांगल्या यादीचा दुसरा उपयोग हा. मेलेला प्रोग्रॅम तिच्यावरून पुन्हा उठून उभा राहतो.

आर्मस्ट्राँगनं दगडांचं रान चुकवत हातानं यान पुढे नेलं आणि ठरल्या जागेपासून सुमारे ६ किलोमीटर पुढे उतरवलं. सगळ्या जगानं टाळ्या वाजवल्या. पण नक्की कुठे उतरले? ते तेव्हा कुणालाच सांगता येईना. वर कक्षेत फिरणारा मायकेल कॉलिन्स दर फेरीत दुर्बीण लावून ईगल शोधत होता. त्याला ते शेवटपर्यंत दिसलं नाही.

पुढची फेरी चार महिन्यांनी होती. अपोलो १२ ला सर्व्हेयर ३ या यानाजवळ उतरायचं होतं. ते यान एप्रिल १९६७ पासून चंद्रावर उभं होतं, त्याच्यापर्यंत चालत जाऊन त्याचे भाग काढून आणायचे होते. ६ किलोमीटर इकडेतिकडे चालणार नव्हतं.

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? पहिला विचार, यादी दुरुस्त करू. यान चंद्राच्या मागून बाहेर आलं की पृथ्वीवरून त्याच्या रेडिओ लहरींची डॉपलर मोजमापं घ्यायची, ती भाकितापेक्षा किती वेगळी आहेत ते बघायचं, आणि त्यावरून पुढेमागे किती चूक आहे ते काढायचं. एवढं शक्य होतं. एमिल शीसर आणि सहकाऱ्यांनी ते बसवलं. पण पुढे? इंजिन पेटलेलं, यान खाली येतंय, आणि अशा वेळी चालू कॉम्प्युटरच्या मेमरीत सहाच्या सहा आकडे बदलायचे? चालू प्रॉडक्शन डेटाबेसवर भर दुपारी हात घालण्यासारखं ते.

त्यांनी काढलेला तोडगा वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक चक्कर मारली होती. यादीला हातच लावायचा नाही! यान आपण जिथे आहोत असं समजतंय त्यापेक्षा अमुक फूट मागे आहे ना? मग उतरायची जागाच तेवढी सरकवून सांगायची. यानाची समजूत चुकलेली, लक्ष्यही तेवढंच चुकवलेलं. वजाबाकी केली की दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. बदलायचा फक्त एक आकडा. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये 'नाउन ६९' अशी नवी नोंद केली. ह्यूस्टननं तोंडी आकडा सांगायचा, अंतराळवीरानं कळा दाबून भरायचा.

१९ नोव्हेंबर १९६९ रोजी उतरणं सुरू झाल्यावर थोड्याच वेळात ह्यूस्टनकडून आकडा आला: अधिक ४,२०० फूट. तो भरला गेला. काही मिनिटांनी यान सरळ होऊ लागलं, खिडकीतून समोरची जमीन दिसली, आणि पीट कॉनराडला नकाशात पाठ केलेली स्नोमॅनसारखी विवरांची रांग नेमकी समोर दिसली. इंट्रेपिड सर्व्हेयरपासून साधारण १६० मीटरवर उतरलं. कॉनराड आणि बीन चालत गेले, त्याचा कॅमेरा काढून घेऊन आले. तो आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

मला या गोष्टीत सगळ्यात काय भावतं सांगू? सहा आकडे दोन्ही वेळा अपुरेच होते. चंद्राखालचे गठ्ठे नोव्हेंबरपर्यंत काही सपाट झाले नव्हते, छोटे धक्केही थांबले नव्हते. फरक एवढाच की जुलैमध्ये यादीबाहेरचं जग आत शिरलं आणि ते दुरुस्त करायची सोय नव्हती. नोव्हेंबरमध्ये ते शिरणार हे धरूनच चालले होते, ते ज्यात उमटेल असं मोजमाप नेमलेलं होतं, आणि दुरुस्तीसाठी एक छोटं, कमी धोक्याचं दार ठेवलं होतं.

मी रोज ज्या याद्या बनवतो त्यांवर कुणी चंद्रावर उतरत नाही. पण कुणाचं कर्ज मंजूर होतं, कुणाचा विमा अडकतो, कुणाचं रेल्वेचं तिकीट वेटिंगमध्ये राहतं. तीनशे ते नऊशेमधला एक क्रेडिट स्कोअर, आणि त्यावरून समोरच्या माणसाचा भूतकाळ विसरायची परवानगी बँकेनं घेतलेली असते. यादी अपुरी असेल तर त्या माणसाच्या बाबतीतही कॉम्प्युटर पूर्ण आत्मविश्वासानंच चुकणार. म्हणून डिझाइनच्या चर्चेत टेबलाचे कॉलम ठरले की मी हल्ली तीन प्रश्न विचारतो. यादीत काय नाही? जे नाही ते आत शिरलं तर कोणत्या मोजमापात दिसेल? आणि दिसलं तर दुरुस्त करायला, सगळी यादी न उकरता, एखादा नाउन ६९ आहे का? बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाला खोलीत शांतता पसरते.

क्वांटमवाल्यांचाही एक स्टेट व्हेक्टर असतो, त्याला सहा काय, कधी कधी अनंत आकडे लागतात, आणि मोजमाप केलं की तो स्वतःच बदलतो. पण ते प्रकरण पुन्हा कधीतरी. चहा संपला, आणि रविवारही संपत आलाय.